न फाडलेलं टोक

भाऊजी,

रोल भरताना तुम्ही बोलत नव्हतात. समोर वरात दाराशी आलेली असो की नवरदेव घोड्यावरून उतरत असो, तुम्ही उन्हाकडे पाठ करून उभे राहायचात, कॅमेरा पोटाशी धरून स्वतःच्या सावलीत घ्यायचात आणि मगच त्याचं मागचं झाकण उघडायचात. रोलची डबी डाव्या खाचेत, फिल्मचं टोक उजवीकडच्या फिरकीत. काठावरच्या भोकांत दात नीट बसले का, ते अंगठ्याच्या नखाने चाचपून बघायचं. झाकण बंद. मग दोन फोटो नुसते हवेत काढायचे. लिव्हर ओढली की कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाची बारकी मूठ उलटी फिरते. ती फिरली तरच फिल्म आत सरकते आहे असं समजायचं. ती फिरताना दिसेपर्यंत तुम्ही श्वास धरून ठेवायचात. मग मान वर करून म्हणायचात, "हं, चला."

लोक हसायचे. फोटोवाल्याची पूजा आटोपली म्हणायचे. पण लग्न ठरलं की तारखेच्या आधी तुमच्याकडेच यायचे. आमगावात तुमचं नाव फोटो देखणे येतात म्हणून नव्हतं. तुमचा फोटो येतोच, म्हणून होतं.

परवा तुमची तेरवी झाली. जे आता लिहितो आहे ते तुम्हाला सांगायची गरज नव्हती, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला फक्त "हो, मीच" एवढं तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं. चोवीस वर्षं मिळाली आणि म्हटलं नाही.

आपला वाद एकच होता, तो रोल काढण्यावरून. छत्तीस फोटो झाले की फिल्म डबीत परत गुंडाळायची. तुमची रीत अशी की ती पूर्ण आत ओढायची, टोकसुद्धा बाहेर दिसता कामा नये. टोक बाहेर ती नवी डबी, टोक आत ती वापरलेली. आंधळ्यालाही बोटाने कळावं. पण गोंदियाच्या लॅबमधला माणूस माझ्यावर वैतागायचा. "अरे भैया, थोड़ा बाहर छोड़ दिया करो. हर बार डिब्बी फोड़नी पड़ती है." मला ते पटलं. मी टोक बाहेर ठेवायला लागलो आणि तुमचं डोकं फिरलं.

"दोन्ही डब्या सारख्याच दिसतीन मंग. कोनती वापरली अन् कोनती नाही, कसं समजन?"

"मी टोक फाडून ठेवीन ना, भाऊजी. फाटलेलं म्हंजे वापरलेलं."

"अन् फाडाचं राहिलं तं?"

"नाही राहात."

"मानसाचं काय बी राहाते, रमेश," तुम्ही म्हणालात आणि विषय सोडून दिलात. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. लहान होतो असं म्हणायची सोय नाही.

त्या उन्हाळ्यात चिचगडकडच्या एका गावचा म्हातारा वारला. नव्वदीचा माणूस, मोठं खटलं, गावच्या तलावाची पाळ त्यांच्याच पूर्वजांनी घातलेली. आपल्याकडे तेव्हा मयतीचा फोटो म्हणजे एक फोटो नसायचा. म्हाताऱ्याला तिरडीवर ठेवलं की भोवती आधी थोरल्याचं कुटुंब बसायचं, मग मधल्यांचं, धाकट्याचं, मग मुली-जावई, मग भाऊबंद. म्हातारा तोच, बसणारे बदलायचे. छत्तीसचा अख्खा रोल लागला. शेवटचा फोटो झाल्यावर तुम्ही कॅमेरा माझ्याकडे दिलात आणि चपला काढून तिरडीला हात जोडायला गेलात. मी रोल गुंडाळला, टोक बाहेर ठेवलं, डबी पिशवीच्या खिशात टाकली. तेवढ्यात तिरडी उचलली. बायकांचा आकांत उठला, गर्दी अंगावर आली, मी पिशवी सांभाळत मागे सरलो. टोक फाडायचं राहिलं.

तीन दिवसांनी सुनंदाचं लग्न होतं. आपल्या दुकानामागच्या गल्लीतली सुनंदा. तिच्या शाळेच्या फॉर्मचे फोटोसुद्धा तुम्हीच काढलेले. नवरदेव फुलचूरचा. मंगलाष्टकांच्या थोडं आधी पहिला रोल संपला. तुम्ही फ्लॅशचे सेल बदलत होतात. म्हणालात, "रमेश, भर लवकर." नवे रोल हाताशी असावेत म्हणून मी ते घरूनच प्लास्टिकच्या डब्यांतून काढून ठेवायचो, पिशवीच्या त्याच खिशात. मांडवाच्या खांबाआड गेलो. उन्हाकडे पाठ केली. दात बसले का ते नखाने पाहिलं. मूठ फिरली का तेही पाहिलं. तुम्ही शिकवलेलं सगळं बरोबर केलं. रोल मात्र म्हाताऱ्याचा होता.

फोटो आपल्या हाती आलेच नाहीत. नवरदेवाचा मामा गोंदियातच राहायचा. घाई होती म्हणून त्याने पावती नेली आणि लॅबमधून पाकीट परस्पर उचललं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. पाकीट काउंटरवर ठेवून हात मागे घेतला.

"हे काय होय, ते सांगा."

तुम्ही एकेक फोटो पाहिलात. नवरा-नवरी पाटावर बसलेले आणि त्यांच्या मांड्यांवर आडवा म्हातारा, नाकात कापूस, कपाळाला गुलाल. एकात सुनंदाच्या गळ्यात मंगळसूत्र पडतंय आणि तिच्या छातीतून कुणा बाईचं रडणारं उघडं तोंड दिसतंय. छत्तीसही तुम्ही शेवटपर्यंत पाहिलेत. मग एकदा माझ्याकडे पाहिलंत.

"माही चूक होय," तुम्ही मामाला म्हणालात. "वापरलेला रोल मी परत भरला. एकावर एक आले दोन्ही."

"तुम्ही?" तो म्हणाला. "तुम्ही कायले चुकान?" तो भांडायला आलाच नव्हता. घाबरलेला होता.

थोडे फोटो दुकानात सोडून बाकीचं पाकीट घेऊन तो गेल्यावर तुम्ही विचारलंत, "टोक फाडलं होतं काय?" मी स्टुलावर बसून लेन्सचं झाकण पुसत होतो. पुसतच राहिलो. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत.

रविवारी तुम्ही फुलचूरला जायला निघालात. मला म्हणालात, "तू चाल. तू सांगितलं तं पटन त्याइले. मी सांगून नाही पटत." मी पोट बिघडल्याचं सांगितलं. माझं लग्न तेव्हा देवरीला नुकतंच ठरलं होतं. ताईने, माझ्या बहिणीने, तुमच्या बायकोने, दहा घरं फिरून जुळवलेलं. लग्नात मयत आणणारा पोरगा म्हणून नाव झालं असतं तर सोयरीक मोडली असती. तुम्हाला ते कळत होतं. म्हणून "पोटाले काय झालं?" असंही विचारलं नाहीत. एकटे गेलात.

परत आल्यावर काय झालं ते तुम्ही पायरीवर बसून सांगितलंत. तिथे तुम्ही सगळ्यांसमोर कॅमेरा उघडलात, एक खराब फिल्म भरून दाखवलीत, गुंडाळलीत, तीच पुन्हा भरलीत. असं होते, असं होऊ शकते. सुनंदाच्या सासऱ्याने शांतपणे सगळं पाहिलं, तुम्हाला चहा पाजला आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही चांगले मानूस हा, पोरीसाठी एवढ्या दूर आले. पन एवढ्या वर्षांत जो मानूस एकडाव चुकला नाही, तो नेमका आमच्याच घरच्या लग्नात चुकला, हे मी कसं मानू?"

ते वाक्य मी अनेकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आहे. त्यात त्या माणसाची चूक मला सापडत नाही. तुमची सगळ्या जन्माची काळजी त्या दिवशी तुमच्याच विरुद्ध उभी राहिली. मला तर अख्खा बाजार धांदरट म्हणून ओळखायचा. मी नुसता दारात उभा राहून "माझ्या हातून झालं" म्हटलं असतं, तर त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या, फोटो चुलीत घातले असते आणि विषय तिथेच संपला असता.

दीड महिन्यात तो सासरा झोपेतच गेला. कपाटातून फोटो पुन्हा निघाले. म्हातारा मांडीवर येऊन बसलाच होता, त्याने आपलं माणूस नेलं, असं घरात सुरू झालं. सुनंदाला ते माहेरी सोडून गेले, पेटीसकट. वाईट माणसं नव्हती ती. भ्यायलेली होती.

तुम्ही त्या संध्याकाळी माझ्या घरी आलात. अंगणात माझ्या लग्नाचा मांडव उभा राहत होता, आठ दिवस राहिले होते. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "आता तरी सांगून येऊ." मी म्हणालो, "लग्न होऊन जाऊ द्या, भाऊजी." तुम्ही मांडवाकडे पाहिलंत आणि "बरं" म्हणालात. माझ्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढलेत. प्रत्येक रोल स्वतः भरलात, मला काही कळू न देता. सगळे फोटो स्वच्छ आले. तो अल्बम माझी बायको पाहुण्यांना दाखवते तेव्हा मी उठून बाहेर जातो.

लग्न झालं. तुम्ही परत विचारलं नाहीत, मी बोललो नाही. वर्षं अशीच जातात. त्यासाठी काही करावं लागत नाही.

आणि ताई. तिला तुमचंच म्हणणं माहीत होतं. वापरलेला रोल यांनीच भरला, एवढं. तुम्ही चष्मा विसरलात, दुधाची पिशवी दुकानात विसरून आलात की ती म्हणायची, "याइच्या हातात काही देऊ नका वो, याइनं तं मयत लग्नात नेलं." सणावाराला, जावयांसमोर, पंगतीत. तुम्ही मान खाली घालून जेवत राहायचात. मी शेजारी बसलेलो असायचो. एकदा सगळे हसले तेव्हा मीही हसलो. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत, मीठ मागितलंत.

मग मी स्टेशन रोडला माझं दुकान टाकलं. नवे कॅमेरे, कॉम्प्युटर, पाच मिनिटांत फोटो. तुमची गिऱ्हाइकं हळूहळू माझ्याकडे आली. तुम्ही यायचात, बसायचात, कधी वाईट बोलला नाहीत. एकदा माझा कॅमेरा हातात घेऊन तुम्ही मागचं झाकण शोधत होतात.

"याच्यात भराचं काय राहाते?"

"काहीच नाही, भाऊजी."

"मंग चुकाचं काय राहाते?"

मी म्हणालो, याच्यात चूक लगेच दिसते, तिथल्या तिथे पुसता येते. तुम्ही कॅमेरा काउंटरवर ठेवलात. "बरं आहे तुम्हा लोकाइचं," म्हणालात. टोमणा होता की नुसतंच बोलणं होतं, ते मी त्या वेळी विचारायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी बायका भेटायला आल्या होत्या. ताई त्यांना सांगत होती, "एवढा नेटका मानूस. जन्मात एकदाच चुकला. अन् मी मेली तेच बोलत राहिली त्याइले." बायका तिची समजूत घालत होत्या, अगं नवरा-बायकोत चालतेच. मी ओसरीत उभा होतो. ती मागच्या अंगणात भांडी घासायला गेली तेव्हा मी मागोमाग गेलो आणि सांगून टाकलं. टोक, खिसा, खांबाआड भरलेला रोल, पोटाचं निमित्त, सगळं.

"काय म्हनला? परत सांग."

मी परत सांगितलं.

"चोवीस वर्षं मी त्याइले बोलली, रमेश. पाहुण्यासमोर बोलली. तू तिथंच बसून राहे."

"हो."

"हासला बी होता तू."

"हो, ताई."

तिने हातातलं पातेलं घासून संपवलं, विसळलं, पालथं घातलं. रडली नाही. "कायले सांगितलं मले आता? ते होते तेव्हा सांगितलं असतं तं त्याइचे पाय धरले असते मी. आता कोनाचे धरू?" तिने पुढचं भांडं ओढून घेतलं आणि म्हणाली, "माह्यासंगं बोलू नको तू. पन तिच्याकडे जा. आजच जा."

सुनंदा अजून त्याच गल्लीत, भावाच्या घरी राहते. शिवणकाम करते. मी चोवीस वर्षं ती गल्ली टाळून मागच्या रस्त्याने जात होतो, हे तुम्हाला माहीत असणार. ती मशीनवर बसलेली होती. केस पुढून पांढरे झाले आहेत. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मशीन थांबलं नाही. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "बसा. तुमचे भाऊजी तं दर दिवाळीले येत."

मला हे माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं.

"येत, तिथं बसत, जाताना म्हनत, बाई, चूक माही होती, तुही काही नोहोती. दरवर्षी तेवढंच. मी हो म्हनत राहो. मले वाटे, भला मानूस आहे, माह्या जिवाले बरं वाटावं म्हनून खोटं बोलते. ते कायले चुकतीन?"

मशीन आता थांबलं होतं.

"म्हंजे रीलच होती ते? खरंच?"

"रोलच होता. माझ्या हातून झालं. भाऊजींचा हातही लागला नव्हता त्याला."

"हो, तुमच्या हातून होईन," ती म्हणाली. चिडून नाही, विचार करून. तिला पटलं होतं, एका क्षणात. मग विचारलं, "तो म्हातारा कोन होता?"

मी गावाचं नाव सांगितलं. नव्वद वर्षांचा होता, वयाने गेला, सांगितलं. त्यांचेही फोटो बिघडले म्हणून तुम्ही त्यांच्या घरी माफी मागायला गेलात, तेव्हा थोरला मुलगा फोटो पाहून म्हणाला होता, "आमचा बुडा जेवनाचा शौकीन. मेल्यावर बी पंगत नाही सोडली त्यानं." आणि चौघे भाऊ हसले होते. एक फोटो त्यांनी मागून ठेवून घेतला होता.

"हासले?" सुनंदाने विचारलं.

"हो."

तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला. "तीन ठिकानं सांगून आली होती मले मंग," ती म्हणाली. "भाऊ तयार होता. मीच नाही म्हनली. म्हटलं, त्या बुड्याले संगं घेऊन कोनाच्या घरी जाऊ? अवसेले दिवा लावत होती मी त्याच्या नावानं. बाबा, माहा पिच्छा सोड म्हनून. अन् तिकडं त्याइच्या घरी हासून राहिले होते."

तिने मला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. शिव्या, शाप, काहीही. तिने नुसतं विचारलं, "तेरवी कधी आहे?"

"परवा."

"मी आली तं चालते काय? लोकाइच्या कार्यात मी जात नाही. कोनी नको म्हनत नाही, मीच जात नाही."

मी म्हणालो, ताईला विचारून सांगतो. घरी आलो. ताई माझ्याशी बोलत नव्हती, म्हणून दाराच्या चौकटीत उभा राहून मी भिंतीकडे बघत सगळं सांगितलं, तुमच्या दिवाळीच्या फेऱ्यांसकट. ताईने तांदळाच्या सुपातून मान वर केली नाही. "सकाळीच ये म्हनावं तिले. भाजी चिराले हात लागतीन."

तेरवीच्या दिवशी ती सातलाच आली, स्वतःची विळी घेऊन. मागच्या अंगणात ताईशेजारी बसली आणि कोहळा कापायला घेतला. मी पुढे मांडवात पत्रावळी मांडत होतो. दोघींचं बोलणं तिथपर्यंत येत होतं. ताई सुनंदाला विचारत होती, तुझ्याकडे आले की ते काय खायचे.

"चिवडा नको म्हनत. करंजी खात."

"शुगर होती त्याइले. घरी तं गोडाले हात लावत नोहोते."

"दोन खात."

"दोन?" ताई म्हणाली. मग पुन्हा विचारलं, "दरसाल दोन?"

"तिसरी बी घेत कधी कधी."

त्यानंतर दोघी खालच्या आवाजात बोलायला लागल्या आणि मला काही ऐकू येईना. उठून आत जावं, त्यांच्यापाशी बसावं, तुमच्याबद्दल मलाही काही सांगावं असं फार वाटलं, भाऊजी. पण आतून मला कोणी हाक मारली नाही. मी पत्रावळी मांडत राहिलो.